जुन्या छापील पानांच्या कसोटीवर ओपनसीव्ही

तालुक्याच्या गावातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाकडे शिशाच्या खिळ्यांनी छापलेल्या ग्रंथसूची, वार्षिक अहवाल आणि हाताने लिहिलेल्या दाखल नोंदवह्या आहेत. कागद पिवळा पडला आहे, कडा तुटत आहेत, आणि स्कॅनरच्या काचेवर दाबून ठेवता येतील अशी पाने फार थोडी उरली आहेत. या पानांची मोबाइलने छायाचित्रे घ्यावीत, ती सरळ व स्वच्छ करावीत आणि छापील भागाचा मजकूर टेसरॅक्ट या मुक्तस्रोत अक्षरओळख प्रणालीकडे सोपवून शोधता येण्याजोगा करावा, असे काम आम्ही तिघांनी अंगावर घेतले. छायाचित्र घेणे आणि अक्षरे ओळखणे यांच्या मधला सगळा टप्पा आम्ही ओपनसीव्ही या संगणक-दृष्टीच्या मुक्तस्रोत लायब्ररीवर उभा केला. तिचे हे परीक्षण त्या कामातून आलेले आहे. एखाद्या सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी ही लायब्ररी निवडावी की नाही, या विचारात असलेल्यांना ते उपयोगी पडावे. घोटाळा टाळण्यासाठी पुढे ‘लायब्ररी’ हा शब्द प्रोग्रामच्या संदर्भातच वापरला आहे. पुस्तकांची जागा ती ‘वाचनालय’.

माझे मत आधी सांगतो. अशा कामासाठी आजही मी ओपनसीव्हीच निवडेन. ती जलद आहे, तिचा आवाका मोठा आहे, परवाना उदार आहे, आणि तिच्यातील बहुतेक क्रिया नेमके काय करतात हे उघडून पाहता येते. परंतु तिचा एक स्वभाव ओळखल्याशिवाय तिच्यावर प्रकल्प उभा करू नये. ती सांगितले तेवढेच आणि सांगितल्याबरहुकूम करते. सांगण्यात आपली चूक झाली असेल, तर पुष्कळदा काही न बोलता चुकीचे उत्तर हातावर ठेवते. आमच्या कामात गेलेला बहुतेक वेळ तिच्या क्रिया शिकण्यात गेला नाही, या मौनाभोवती आपल्या तपासण्या बांधण्यात गेला.

या लायब्ररीचे काम इंटेलमध्ये १९९९ साली गॅरी ब्रॅडस्की यांनी सुरू केले आणि तिची पहिली चाचणी आवृत्ती २००० साली सीव्हीपीआर या संगणक-दृष्टीच्या परिषदेत जाहीर झाली. पहिली पूर्ण आवृत्ती मात्र २००६ मध्ये आली. मधल्या काळात, २००५ साली, डार्पा ग्रँड चॅलेंज ही शर्यत जिंकणाऱ्या स्टॅनफर्डच्या ‘स्टॅन्ली’ या चालकविरहित गाडीच्या दृष्टिप्रणालीत तिचा वापर झाला होता. २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सी भाषेचा जुना ढाचा मागे पडून सी प्लस प्लसचा नवा ढाचा आला, २०१५ मध्ये तिसरी आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चौथी मालिका सुरू झाली. आम्ही काम केले ते चौथ्या मालिकेवर, पायथनमधून. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की वीस वर्षांहून अधिक काळ वाढत आलेल्या वाड्यासारखी तिची रचना आहे. कोणती खोली केव्हा बांधली गेली हे माहीत असले, तर एखादे दार विचित्र ठिकाणी का आहे याचा उलगडा होतो.

परवान्याविषयी थोडे तपशिलाने लिहितो, कारण ग्राहकासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांना हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला जातो. ४.५.० या २०२० च्या आवृत्तीपासून ओपनसीव्ही अपाची २ परवान्याखाली आहे. त्याआधी ती तीन कलमी बीएसडी परवान्याखाली होती. दोन्ही परवाने व्यापारी वापराला मोकळीक देतात आणि आपला स्रोत उघड करण्याची सक्ती करत नाहीत. अपाचीत पेटंटविषयीची स्पष्ट परवानगी अधिक आहे. याच लायब्ररीसोबत अनेकदा वापरल्या जाणाऱ्या काही वस्तुशोध प्रणाली, आपलाही स्रोत उघड करण्याची अट घालणाऱ्या एजीपीएल परवान्याखाली येतात आणि तेथे बंधने पूर्णपणे वेगळी असतात, तेव्हा एकीचा परवाना वाचून दुसरीबद्दल निश्चिंत होऊ नये. पेटंटचा मुद्दाही प्रत्यक्षातला आहे. दोन चित्रांतील समान बिंदू शोधणाऱ्या सिफ्ट या पद्धतीचे पेटंट मार्च २०२० मध्ये संपले आणि त्यानंतरच ती ४.४.० मध्ये मुख्य लायब्ररीत आली. तिचीच नातलग असलेली सर्फ मात्र अजूनही मुख्य लायब्ररीबाहेर ठेवलेल्या पूरक भागातील ‘मुक्त नसलेल्या’ कप्प्यात आहे आणि ती हवी असेल तर तो पर्याय मुद्दाम चालू करून लायब्ररी स्वतः बांधून घ्यावी लागते. पायथनसाठी तयार मिळणाऱ्या पॅकेजांत व्हिडिओ हाताळणारी एफएफएमपेग एलजीपीएल परवान्याखाली सोबत येते, हेही कायदेशीर बाजू पाहणाऱ्याने टिपून ठेवावे.

पायथनमध्ये पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने ती बसवणे सोपे आहे, पण तयार पॅकेजे चार आहेत: साधे, पूरक विभागांसह असलेले, आणि या दोन्हींची पडद्याविना चालणारी रूपे. चारही एकाच नावाने आयात होतात, म्हणून एका वातावरणात एकच ठेवावे. दोन बसवली की एकमेकांच्या फाइलींवर लिहिले जाते. सर्व्हरवर साधे पॅकेज बसवले, तर खिडकी दाखवण्यासाठी लागणारी ओपनजीएलची फाइल सापडत नाही अशी तक्रार करून आयातच थांबते. तेथे पडद्याविनाचे पॅकेज घ्यावे. एनव्हिडियाच्या जीपीयूवर (चित्रप्रक्रियेच्या कार्डावर) कुडा या त्याच कंपनीच्या प्रणालीच्या साहाय्याने काम करायचे असेल, तर या तयार पॅकेजांचा उपयोग नाही. स्रोतातून बांधणी करावी लागते आणि त्यासाठी वेळेची वेगळी तरतूद ठेवावी लागते. आमच्या कामाला त्याची गरज पडली नाही.

आता प्रत्यक्ष पानांकडे येतो.

काळ्या कापडावर पान ठेवून वरून छायाचित्र घेतले की पहिले काम पानाचे चार कोपरे शोधण्याचे. कॅनीच्या पद्धतीने कडा काढायच्या, त्यांचे आकृतिबंध, म्हणजे सलग बाह्यरेषा, गोळा करायचे, त्यांतील सर्वांत मोठा चौकोन घ्यायचा आणि दृष्टिकोनाचे रूपांतर करून तिरके पान आयतात बसवायचे. हे सगळे ओपनसीव्हीत पाच-सहा ओळींचे काम आहे आणि ते विश्वासाने होते. भिंग स्वस्त असल्यामुळे कडेच्या रेषा किंचित बाहेर फुगतात. त्यासाठी बुद्धिबळाच्या पटासारख्या नमुन्याची छायाचित्रे घेऊन कॅमेऱ्याचे अंशांकन करण्याची सोय लायब्ररीत आहे आणि तिच्या सर्वांत भक्कम भागांपैकी तो एक भाग आहे, असे माझे मत झाले. मात्र अंशांकन केल्यावर मोबाइलचा झूम किंवा फोकस बदलला की ते आकडे निकामी होतात. म्हणून स्टँडची उंची आणि फोकस कायम ठेवणे ही शिस्त पाळावी लागली.

दुसरे काम शाई आणि कागद वेगळे करण्याचे. ओत्सूची पद्धत साऱ्या पानासाठी उजळपणाची एकच सीमारेषा ठरवते. खिडकीकडची बाजू उजळ आणि शिवणीकडची बाजू सावलीत असलेल्या पानावर ती एका बाजूची अक्षरे खाते आणि दुसऱ्या बाजूला काळा ढग उमटवते. स्थानिक सीमारेषा ठरवणारी क्रिया अशा पानांना योग्य आहे, पण तिला शेजाराचा आकार सांगावा लागतो आणि तो सांगण्यात खरे कसब आहे. शेजार अक्षराच्या रेषेच्या जाडीपेक्षा लहान घेतला, तर ग्रंथसूचीतील ठळक शीर्षकांची अक्षरे आतून पोकळ होतात, नुसत्या बाह्यरेषा उरतात. जुन्या कागदासाठी अधिक मानवणारी सौव्होलाची पद्धत मुख्य लायब्ररीत नाही, पूरक विभागांत आहे. हीच पद्धत सायकिट-इमेज या दुसऱ्या लायब्ररीत सरळ हाताशी मिळते. आम्ही शेवटी पूरक विभागांचे पॅकेज घेतले ते मुख्यतः याच कारणासाठी.

तिसरे काम पान सरळ करण्याचे, आणि येथे देवनागरीने आम्हाला हात दिला. ओळीचा कल शोधण्याची जी उदाहरणे सर्वत्र आढळतात ती बहुतेक रोमन लिपीवर बेतलेली असतात. सगळे काळे बिंदू गोळा करून त्यांच्याभोवती कमीत कमी क्षेत्रफळाचा आयत बसवायचा आणि त्याचा कोन घ्यायचा, अशी त्यांची रीत. आमच्या लिपीत शिरोरेषा आहे. आडव्या लांब पट्टीने आकार-संस्करण केले, म्हणजे त्या लांबीएवढे आडवे सलग काळे जे असेल तेवढेच ठेवून बाकीचे पुसले, की पानावर फक्त शिरोरेषा उरतात. मग सरळ रेषा शोधणाऱ्या हफ रूपांतराने त्यांचे कोन मोजायचे आणि मधला कोन घ्यायचा. खिळाछपाईत दोन खिळ्यांच्या सांध्यावर शिरोरेषेत बारीक फट राहते, म्हणून आधी आडव्या दिशेने फटी बुजवून घ्याव्या लागल्या. ही सर्व क्रियांची जोडणी आपल्या हाती असते, प्रत्येक पायरीचे चित्र काढून पाहता येते, आणि एखादे पान बिघडले तर नेमके कोठे बिघडले हे बोट ठेवून दाखवता येते. एकाच बटणात सगळे करणाऱ्या साधनांपेक्षा ओपनसीव्ही मला याच कारणासाठी अधिक मोलाची वाटते.

पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वळते तेथे मात्र तयार उत्तर नाही. वळलेले पान सपाट करणारी एकही क्रिया या लायब्ररीत मिळत नाही. कोणता बिंदू कोठे न्यायचा याचा नकाशा आपण दिला, तर त्यानुसार चित्र पुन्हा रचणारी क्रिया तेवढी मिळते. आम्ही पुन्हा शिरोरेषांचाच आधार घेतला. प्रत्येक ओळीच्या शिरोरेषेवर एक वक्र बसवला, तो वक्र सरळ होईल असा नकाशा तयार केला आणि तो त्या क्रियेला दिला. छापील पानांवर हे चांगले उतरले. दाखल नोंदवह्यांवर नाही, कारण हाताने लिहिताना प्रत्येकाची शिरोरेषा वेगळी, आणि काही लिपिकांनी ती ओढलीच नव्हती.

ज्या शिरोरेषेने येथे मदत केली तिनेच पुढे अडवले. जोडलेले काळे भाग वेगळे करण्याची क्रिया रोमन मजकुरावर अक्षरे वेगळी करून देते. देवनागरीवर ती शब्दच्या शब्द एका तुकड्यात देते, कारण शिरोरेषेने सगळी अक्षरे एका दोरीत ओवलेली असतात. हा लायब्ररीचा दोष नाही. पण एखाद्या परकीय उदाहरणावरून कामाच्या वेळेचा अंदाज बांधणाऱ्या मराठी प्रोग्रामरने ही गोष्ट आधीच हिशेबात धरावी.

याहून महत्त्वाची गोष्ट अनुस्वाराची. जुन्या कागदावरचे ठिपके काढण्यासाठी ठरावीक क्षेत्रफळापेक्षा लहान असलेले सगळे काळे तुकडे पुसून टाकण्याची सर्वमान्य रीत आहे आणि ओपनसीव्ही हे काम क्षणात करते. आम्हीही केले. पाने इतकी स्वच्छ दिसू लागली की आम्ही समाधानाने पुढच्या टप्प्याकडे वळलो. नंतर शोधयंत्रात ‘वंश’ शोधताना काहीच मिळेना तेव्हा लक्षात आले की सूचीत सगळीकडे ‘वश’ झाले आहे, ‘रंग’ची ‘रग’ झाली आहे आणि ‘मंद’चा ‘मद’. अनुस्वार हा आपल्या लिपीत एक सुटा लहान ठिपकाच असतो आणि आम्ही तो कचरा म्हणून झाडून टाकला होता. चूक आमची होती. दुरुस्ती अशी केली की लहान तुकडा शिरोरेषेच्या लगेच वर असेल तर त्याला हात लावायचा नाही, ओळीच्या तळाशी शब्दाच्या अंगाला असेल तर तो पूर्णविराम समजून ठेवायचा, आणि उरलेलेच पुसायचे. काही खरे डाग त्यामुळे राहून गेले. अर्थ बदलण्यापेक्षा डाग राहिलेला बरा, हा निर्णय आम्ही विचारपूर्वक घेतला आणि आजही तो बदलावासा वाटत नाही.

आता त्या मौनाकडे वळतो, ज्याचा उल्लेख सुरुवातीला केला.

चित्र वाचण्याची इमरीड ही क्रिया फाइल सापडली नाही तर थांबत नाही. पायथनमध्ये ती रिकामे मूल्य परत करते. नव्या आवृत्त्या टर्मिनलवर एक इशारा छापतात, पण प्रोग्राम पुढे जातच राहतो आणि तक्रार येते ती पुढच्या एखाद्या रंग-रूपांतराच्या क्रियेतून, मिळालेले चित्र रिकामे आहे अशा शब्दांत. नवशिक्या माणूस ती क्रिया चुकली समजून तिच्यात दोष शोधत बसतो. चित्र लिहिण्याची क्रियाही तशीच आहे. ज्या फोल्डरमध्ये लिहायचे ते अस्तित्वात नसेल तर ती ‘असत्य’ एवढे मूल्य देते. आपण ते तपासले नाही, तर रात्रभर चाललेल्या कामाचे सकाळी काहीही हाती नसते. मराठी वापरकर्त्यांना याचा फटका अधिक बसतो, कारण विंडोजवर फाइलीच्या किंवा फोल्डरच्या नावात देवनागरी अक्षरे असली तर इमरीडला ती फाइल सहसा उघडताच येत नाही. वाचनालयाच्या सेवकांनी फोल्डरांना ‘वार्षिक अहवाल’ अशी सरळ मराठी नावे दिली होती आणि ती तशीच असायला हवीत. उपाय आहे, तो असा की फाइलीतील बाइट पायथनने स्वतः वाचायचे आणि मग ते ओपनसीव्हीच्या उलगडण्याच्या क्रियेला द्यायचे. आम्ही वाचणे आणि लिहिणे या दोन्हींसाठी आपल्या दोन लहान क्रिया लिहिल्या, रिकामे मूल्य आले की तेथेच थांबणाऱ्या, आणि मूळ क्रिया कोणीही थेट वापरायची नाही असा नियम केला. ओपनसीव्ही वापरणाऱ्या प्रत्येक संघाने पहिल्याच दिवशी हे करावे असे मी कळकळीने सुचवेन.

रंगांचा क्रमही असाच बोलत नाही. ओपनसीव्ही चित्र निळा, हिरवा, लाल या क्रमाने ठेवते. पायथनमधील बहुतेक इतर साधने, पिलो या चित्रे हाताळणाऱ्या लायब्ररीसह, लाल, हिरवा, निळा हा क्रम पाळतात. लायब्ररी सुरू झाली त्या काळातील कॅमेरे आणि विंडोजचे चित्रस्वरूप उलटा क्रम वापरत, त्याचा हा वारसा आहे. पिलोने वाचलेले चित्र ओपनसीव्हीला दिले तर कोणतीही तक्रार येत नाही, फक्त लाल शाई निळी होते. दाखल नोंदवह्यांमध्ये रद्द केलेल्या पुस्तकांची नोंद लाल शाईने केलेली असल्यामुळे हा आमच्यासाठी केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हता.

त्याच पानांवर वाचनालयाचा जांभळा शिक्का मजकुरावर पडलेला असतो. तो रंगावरून ओळखून फिका करण्यासाठी आम्ही रंगछटा, गडदपणा आणि उजळपणा या पद्धतीत चित्र नेले. रंगछटेचे वर्तुळ ३६० अंशांचे आहे, पण आठ बिटांत २५५ पर्यंतचेच आकडे मावतात, म्हणून ओपनसीव्ही ते निम्मे करून ० ते १७९ मध्ये बसवते. जांभळ्यासाठी २७० अंश हे मूल्य घेणाऱ्याला प्रत्यक्षात १३५ लिहावे लागते. लाल रंग या वर्तुळाच्या सांध्यावर येतो, तेव्हा त्यासाठी एकाऐवजी दोन पट्टे घ्यावे लागतात. कागदपत्रांत हे नमूद आहे. पण चुकीचे मूल्य दिले तर लायब्ररी काही म्हणत नाही, रिकामा मुखवटा, म्हणजे काहीच न निवडलेले चित्र, देते.

बेरजेचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ओपनसीव्हीच्या बेरजेत २५० आणि १० मिळून २५५ होतात, म्हणजे पांढऱ्याच्या मर्यादेपाशी थांबतात. पायथनमध्ये आकड्यांचे तक्ते हाताळणाऱ्या नमपायच्या आठ बिटी बेरजेत तेच दोन आकडे मिळून ४ होतात, म्हणजे जवळपास काळे. चित्र दोन्हीकडे एकाच रूपात साठवलेले असते, त्यामुळे कोडमध्ये कोणती बेरीज चालली आहे हे चटकन ध्यानात येत नाही. पाने उजळ करताना आमच्याकडून नमपायची बेरीज वापरली गेली आणि सर्वांत स्वच्छ कागदावर काळे डाग उमटले. तसेच चित्र लहान करताना आपण काही न सांगितल्यास लायब्ररी जी पद्धत घेते तिच्यावर विसंबू नये. ती रेषीय आहे आणि बारीक शिरोरेषा तिच्यात तुटतात. क्षेत्रफळावर आधारलेला पर्याय मुद्दाम सांगावा लागतो. मोबाइलने आडव्या घेतलेल्या छायाचित्रांची दिशा इमरीड एरवी स्वतः सुधारते, परंतु ‘जसेच्या तसे वाच’ हा पर्याय दिला की ती सुधारणा बंद होते, हे आम्हाला आडवी झोपलेली पाने पाहून कळले.

चित्रावर मजकूर लिहिण्याची पुटटेक्स्ट ही क्रिया देवनागरीसाठी निरुपयोगी आहे. तिच्यातील अक्षरे रेषांनी काढलेल्या जुन्या हर्शी अक्षरसंचातील आहेत. मराठी शब्द दिला की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. पूरक विभागांत फ्रीटाइपवर आधारलेला एक विभाग आहे, पण तयार पॅकेजांत तो मिळेलच असे गृहीत धरू नये. पिलोने मजकूर लिहून चित्र परत आणणे हा सोपा मार्ग. मात्र पिलोसोबत अक्षरे जुळवणारी राक्म ही लायब्ररी नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरे सुटी होतात. तपासणाऱ्या सेवकांना पानावर मराठीत खुणा दिसाव्यात म्हणून आम्ही ही सगळी वाट चाललो. भारतीय लिप्यांत काम करणाऱ्यांची संख्या पाहता ही सोय मुख्य लायब्ररीत असायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

कागदपत्रे विपुल आहेत आणि पाठही चांगले आहेत, पण त्यांची मांडणी सी प्लस प्लसभोवती आहे. पायथनची रूपे खाली एका ओळीत दिलेली असतात आणि कोणते मूल्य कोणत्या प्रकारचे हे पुष्कळदा वरच्या वर्णनावरून ताडावे लागते. त्याहून अधिक त्रास आवृत्त्यांमधील बदलांचा. आकृतिबंध शोधणारी क्रिया दुसऱ्या मालिकेत दोन मूल्ये देत होती, तिसऱ्या मालिकेत तीन देऊ लागली आणि चौथ्यात पुन्हा दोनवर आली. ही चूक निदान लगेच समजते, कारण प्रोग्राम थांबतो. कमीत कमी क्षेत्रफळाच्या आयताचा कोन मोजण्याची रीत ४.५.१ मध्ये बदलली, ती मात्र समजत नाही. जुन्या उदाहरणातून घेतलेला कल काढण्याचा कोड नव्या आवृत्तीवर विनातक्रार चालतो आणि काही पाने काटकोनात फिरवून ठेवतो. शोधात सर्वांत वर येणारी उदाहरणे बहुधा जुनी असतात, हे ध्यानात ठेवून त्यांची तारीख पाहूनच ती घ्यावीत.

वेगाबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे, कारण तेथे तक्रार नाही. लायब्ररीच्या क्रिया एकामागून एक वापरल्या तर साध्या संगणकावरही काम भराभर होते. पायथनमध्ये एकेक बिंदूवर फेरा मारला तर कोणतीही लायब्ररी वाचवू शकत नाही. अनेक पाने वेगवेगळ्या प्रक्रियांत एकाच वेळी चालवायची असतील, तर ओपनसीव्हीच्या अंतर्गत धाग्यांची (एकाच वेळी चालणाऱ्या उपकामांची) संख्या कमी करून ठेवावी. नाहीतर प्रत्येक प्रक्रिया प्रोसेसरचे सगळे गाभे मागते आणि एकंदर काम मंदावते.

शिकवलेली न्यूरल जाळी चालवणारा विभाग २०१७ च्या ३.३ या आवृत्तीपासून मुख्य लायब्ररीत आहे. तो जाळे शिकवत नाही, फक्त चालवतो, आणि ओएनएनएक्ससारख्या फाइल-स्वरूपात साठवलेली जाळी वाचतो. चेहरा शोधण्याच्या युनेटसारख्या लहान जाळ्यासाठी वेगळी मोठी प्रणाली बसवण्याची गरज त्यामुळे उरत नाही. परंतु अलीकडच्या गुंतागुंतीच्या जाळ्यांतील एखादी क्रिया त्याला ओळखता आली नाही की वाट संपते. जाळे हाच प्रकल्पाचा गाभा असेल तर ओएनएनएक्स रनटाइमसारखे खास साधन घ्यावे आणि ओपनसीव्हीकडे चित्राची आधीची व नंतरची कामे ठेवावीत.

बाहेरच्या लोकांनी चढवलेली चित्रे सर्व्हरवर उघडायची असतील, तर आणखी एक खबरदारी हवी. तयार पॅकेजांत चित्रे उलगडणाऱ्या इतर लायब्ररींच्या प्रती आतच बांधलेल्या असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या लायब्ररीत गंभीर सुरक्षादोष उघड झाला तेव्हा प्रणालीतील प्रत सुधारून भागले नाही. ओपनसीव्हीचे पायथन पॅकेजही ४.८.१.७८ या आवृत्तीवर न्यावे लागले. तेव्हा ‘चालते आहे, हात लावू नये’ हे धोरण येथे चालत नाही, आणि डोळे मिटून नवी आवृत्ती घेणे हेही वर सांगितलेल्या कारणांमुळे धोक्याचे आहे.

केवळ छायाचित्रांची लहान रूपे करायची किंवा कडा कापायच्या असतील तर पिलो पुरे आहे, तेथे ओपनसीव्हीचे ओझे नको. विद्यार्थ्यांना चित्रप्रक्रिया शिकवायची असेल, तर मी आधी सायकिट-इमेज हाती देईन. तिची नावे आणि कागदपत्रे अधिक एकसूत्री आहेत आणि चुकीचे मूल्य दिले तर ती बहुधा बोलते. पण पानांचा मोठा ढीग, साधा संगणक, प्रत्येक पायरी आपल्या हातात असण्याची गरज आणि खर्चाला मर्यादा, अशी परिस्थिती असेल तर ओपनसीव्हीला तोडीस तोड पर्याय मला सापडला नाही. वाचनालयासारख्या संस्थेला वर्षाकाठी शुल्क मागणारे साधन परवडले नसते आणि ते काम अर्ध्यावर थांबले असते.

आम्ही आता असे करतो की ग्रंथसूचीतील निवडक पाने बाजूला काढली आहेत: शिवणीजवळ वळलेली, शिक्का पडलेली, लाल शाईची, ठळक शीर्षकांची, आणि अनुस्वारांनी भरलेले एक पान. वाचनालयातील निवृत्त ग्रंथपालांनी त्यांचा मजकूर मुळाशी ताडून हाताने बिनचूक टंकून दिला आहे. ओपनसीव्हीची आवृत्ती प्रकल्पात आकड्यानिशी बांधून ठेवली आहे. ती बदलायची झाली की आधी ही पाने नव्या आवृत्तीतून काढायची, टंकलेल्या मजकुराशी अक्षर न् अक्षर ताडायची, आणि अनुस्वारांचे पान जसेच्या तसे जुळले तरच पुढे जायचे.